देव्हारा : कुलेतिहासाचें एक उपेक्षित साधन

मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांची मोजदाद करितांना आपण बखरी, पत्रें, सनदा, महजर, वंशावळी, शिलालेख, नाणीं हीं सर्व धरतों. कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला तेव्हांपासून, आणि विशेषतः १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाल्यापासून, जुन्या घराण्यांच्या माळ्यांवरील रुमाल सोडून पाहण्याची परंपरा महाराष्ट्रांत पडली व तिचीं फळें आपण सर्वजण भोगीत आहों. परंतु ज्या घरांत संशोधक दप्तर पाहावयास जातो त्याच घरांत, माजघराच्या कडेस, तांब्यापितळेच्या व चांदीच्या लहान लहान वस्तूंनीं भरलेलें दुसरें एक दप्तर असतें. त्यास नमस्कार करून संशोधक पुढें जातो. तें उलगडून पाहावें असें त्याच्या मनांत सहसा येत नाहीं. प्रस्तुत लेखांत या दुसऱ्या दप्तराविषयीं, म्हणजे घरच्या देव्हाऱ्याविषयीं, लिहिण्याचें योजिलें आहे.

हें आतांच लिहिण्यास कारण आहे. वाडे पडून त्यांच्या जागीं सदनिका उभ्या राहिल्या, भावाभावांच्या वाटण्या झाल्या, मुलें परदेशीं गेलीं. अशा वेळीं इतके देव कोण पूजणार हा प्रश्न निघतो, आणि एक गणपति, एक बाळकृष्ण, एक अन्नपूर्णा एवढे ठेवून बाकीचे नदींत सोडण्यांत येतात किंवा सोनाराकडे मोडींत जातात. जळालेल्या कागदाची नक्कल कधीं कधीं दुसऱ्या दप्तरांत सांपडते. आटलेल्या टाकाची नक्कल कोठेंच सांपडत नाहीं.

प्रथम शब्दांविषयीं थोडें. देऊळ हा शब्द ‘देवकुल’ यापासून आला. देवघर व देव्हारा हे दोन्ही ‘देवगृह’ या एकाच शब्दाचे वंशज, एक उघड ओळखूं येणारा व दुसरा प्राकृताच्या वाटेनें झिजून आलेला, असें शब्दशास्त्रज्ञ मानतात. भिंतींतील कोनाड्यास कित्येक ठिकाणीं देवळी म्हणतात, मग तींत देव असो वा नुसता दिवा असो. देवघर म्हणजे खोली, देव्हारा म्हणजे त्या खोलींतील लांकडी मखर, असा भेद आज आपण करतों. पण ज्यांस स्वतंत्र खोली नव्हती अशीं घरेंच महाराष्ट्रांत अधिक, आणि त्यांचे देव कोनाड्यांत, पाटावर किंवा टोपलींत राहत आले आहेत. इतिहासाच्या दृष्टीनें टोपलींतला देव सिसवी मखरांतल्या देवाहून उणा नाहीं.

घरांत देव बसविण्याची चाल किती जुनी, या प्रश्नास एक उत्कृष्ट साक्ष उपलब्ध आहे. शके १२१२ (इ. स. १२९०) मधील ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायांत अज्ञानाचीं लक्षणें सांगतांना ज्ञानदेवांनीं एका भक्ताचें वर्णन केलें आहे. हा गृहस्थ भगवंताची मूर्ति करवितो, ती घराच्या कोपऱ्यांत बसवितो, आणि आपण मात्र इतर देवांच्या यात्रेस निघतो. नित्य भजन एकाचें, कार्यप्रसंगीं कुलदैवताचें, पंचमीस नागाचें, चतुर्थीस गणेशाचें, चतुर्दशीस दुर्गेचें, रविवारीं भैरवाचें, आणि सोमवारीं बेल घेऊन लिंगाकडे धांव. ज्ञानदेवांचा हेतु अनन्यभक्ति शिकविण्याचा आहे, व त्यासाठीं ते या माणसाची थट्टा करितात. आमच्या कामापुरती ती थट्टाच अमोल आहे. श्रोत्यांस ती कळावयाची तर असलीं घरें त्यांच्या शेजारीं असलींच पाहिजेत. म्हणजे कोपऱ्यांतील मूर्ति, कार्याला आठवणारें कुलदैवत आणि वारातिथींचे देव ही जी रचना आज कोणत्याहि जुन्या घरांत दिसते, ती सातशें वर्षांपूर्वीं इतकी सर्वपरिचित होती कीं तिच्यावर विनोद करितां येत असे.

देव्हाऱ्यांत सामान्यतः दोन थर असतात व ते एकमेकांत मिसळूं देतां कामा नयेत. पहिला थर शास्त्राचा. स्मार्त घरांत पंचायतन असतें: शिव, विष्णु, सूर्य, गणपति व देवी, यांतील इष्ट देव मध्यें आणि उरलेले चार चार कोनांस. (रामपंचायतन ही गोष्ट निराळी, तेथें राम, सीता व तीन बंधु हे पांच.) पंचायतनांत मूर्तीच असाव्या असें नाहीं. नर्मदेचा बाण, गंडकीचा शाळिग्राम, शोण नदीचा तांबडा पाषाण, सुवर्णमुखीचा धातुमिश्र दगड व सूर्यासाठीं स्फटिक असे पांच खडे ताम्हणांत ठेविले कीं पूजा पूर्ण होते. नेपाळापासून आंध्रापर्यंतचा मुलूख या रीतीनें एका ताम्हणांत येतो, हें खरेंच कौतुकाचें आहे. परंतु याच कारणानें पंचायतन घराण्याविषयीं फार थोडें सांगतें. तें कोंकणांतील वैदिकाच्या घरीं व काशींतील पंडिताच्या घरीं सारखेंच असावयाचें. नानासाहेब पेशव्यांनीं १७४९ सालीं पर्वतीवर देवदेवेश्वराचें मंदिर बांधलें, त्यांत मध्यें शिव व चार कोपऱ्यांस चार लहान देवळें हीच घरगुती मांडणी दगडांत उतरविली आहे. ज्यास पंचायतनाची मांडणी समजून घ्यावयाची असेल त्यानें पर्वतीच्या पायऱ्या चढाव्या.

दुसरा थर कुळाचा, आणि आमचें मुख्य काम त्याच्याशीं आहे. त्याचें प्रमुख द्रव्य टाक. टाक म्हणजे चांदीचा, तांब्याचा किंवा पितळेचा पातळ पत्रा ठशावर ठेवून ठोकून त्यावर उठविलेली देवाची आकृति. आकार बहुधा तळहाताहून लहान, आणि वरची कड पुष्कळदां कमानदार. खंडोबा घोड्यावर, त्याच घोड्यावर म्हाळसा, पायांखालीं दैत्य व बाजूस कुत्रा. भवानी महिष मारतांना. भैरव, जोतिबा, साती आसरा एका ओळींत. असे हे टाक कुणबी, धनगर, मराठा, ब्राह्मण, सोनार, माळी अशा नाना जातींच्या घरीं आढळतात. नवरात्रांत त्यांस विड्याच्या पानावर बसवितात व मग उत्थापनापर्यंत हलवीत नाहींत. ‘आमचे देव बसले’ असें जें म्हणतात तें याचसाठीं. खंडोबाचे उपासक हेंच मार्गशीर्षांत चंपाषष्ठीपर्यंत पुन्हां करितात.

या टाकांवरून इतिहास काढावयाचा तर सावधगिरी पाहिजे. खंडोबा व भवानी हे महाराष्ट्रांत इतके सर्वत्र आहेत कीं त्यांच्या टाकांनीं कांहींच सिद्ध होत नाहीं. सिद्ध होतें तें आडवळणाच्या देवानें. देशावरच्या एखाद्या घरीं समुद्रकांठच्या गांवदेवतेचा टाक सांपडला, शेजाऱ्यापाजाऱ्यांत कोणाकडेच तो नसला, व घरची मंडळी त्या देवतेचें गांव कोठें तें सांगूं शकत नसली, तर तेथें संशोधकानें थांबावें. कुलदैवताचा प्रवास घराण्याच्या प्रवासाबरोबर झालेला असतो, व घराणें ती वाट विसरलें तरी देव्हारा विसरत नाहीं. मात्र उलट दिशेनें धांवूं नये. कोंकणांतील कित्येक चित्पावन घराण्यांची कुलस्वामिनी सह्याद्रीपलीकडे अंबाजोगाईची योगेश्वरी आहे, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. एवढ्यावरून ही सारी ज्ञाति मराठवाड्यांतून खालीं उतरली असा निकाल देणाऱ्यांची घाई आम्हांस मान्य नाहीं. देवीचा लौकिक माणसांपूर्वींहि प्रवास करितो. आणि कधीं कधीं देवतेचें ठाणेंच नवें होतें. भोसल्यांची कुलस्वामिनी तुळजापूरची. तें क्षेत्र आदिलशाही मुलखांत पडलें. तेव्हां शिवछत्रपतींनीं १६६१ सालीं प्रतापगडावर भवानीची स्थापना केली. नांव तेंच राहिलें व वाट बदलली. असे लहान लहान प्रतापगड किती घराण्यांनीं आपापल्या परीनें निर्माण केले असतील, तें टाकांची पाहणी झाल्यावांचून कळावयाचें नाहीं.

आतां देव्हाऱ्याच्या ज्या भागास आम्ही सर्वांत अधिक महत्त्व देतों, त्याकडे वळतों. आपल्या वंशावळींचा एक मोठा दोष असा कीं त्या पुत्रांच्या यादी आहेत. अमक्यास पुत्र तीन, पैकीं दोन निःसंतान, तिसऱ्याचा वंश पुढें चालला. येथें लेखणी संपते. निःसंतान गेलेले ते दोघे कोण, कसे गेले, हें वंशावळ सांगत नाहीं, कारण त्यांच्या नांवें वतनाचा वांटा उरला नाहीं. देव्हारा मात्र त्यांनाच जागा देतो. लढाईंत पडलेला, तरणाबांड असतां अकस्मात् गेलेला, वाघानें किंवा सर्पानें घेतलेला पुरुष ‘वीर’ होऊन टाकावर चढतो. मुंज होऊन लग्नाआधीं मेलेला मुलगा ‘मुंजा’ होतो. नाशकास धुळवडीच्या दिवशीं घरोघरचे वीर वाजतगाजत गोदावरीवर नेऊन त्यांस स्नान घालतात, पोरांस देवांचीं सोंगें देतात व सायंकाळपर्यंत गंगेचा कांठ गजबजून जातो. पाहणारास तो नुसता शिमग्याचा उत्सव वाटतो. वस्तुतः कागदांत ज्यांची नोंद नाहीं अशा मेलेल्यांची ती वर्षांतून एकदां होणारी हजिरी आहे.

येथें एक व्यावहारिक अडचण सांगितली पाहिजे. वीराचा टाक व खंडोबाचा टाक दोन्ही घोडेस्वाराचेच. चिंच, राख व रांगोळी यांनीं शंभर वर्षें घासल्यावर म्हाळसा दिसेनाशी होते, कुत्रा दिसेनासा होतो, आणि दोन्ही पत्रे एकसारखे गुळगुळीत होतात. मग कोण देव व कोण पूर्वज हें घरांतील एखाद्या वृद्ध स्त्रीसच ठाऊक असतें. ती गेली म्हणजे सुनेच्या लेखीं दोघेहि खंडोबा. अशा रीतीनें एक माणूस दुसऱ्यांदा मरतो.

स्त्रियांविषयीं तर वंशावळी पूर्ण मुक्या आहेत. घरांत आलेल्या सुनेचें माहेर कोणतें याची नोंद फारच क्वचित् आढळते. लग्नांत नांव बदलल्यामुळें जें नांव चुकून लिहिलें गेलें तेंहि सासरचें. परंतु विवाहांत वधू गौरीहर पुजते, आणि तेथली अन्नपूर्णा सासरीं जातांना बरोबर नेते. हातांत पळी घेऊन बसलेली ही बोटाएवढी पितळी देवी सासरच्या देव्हाऱ्यांत चिमूटभर तांदुळांवर बसते व तेथेंच राहते. बाळकृष्णाचेंहि पुष्कळ घरीं असेंच. जुन्या मोठ्या वाड्यांतून चार चार, पांच पांच अन्नपूर्णा एका ओळींत आमच्या पाहण्यांत आल्या आहेत. एक अंमळ उभट, एक ठेंगणी, एकीच्या मागें प्रभावळ, दुसरीस तीहि नाहीं. घडण सारखी नाहीं, कारण त्या एका गांवच्या नाहींत. प्रत्येक अन्नपूर्णा म्हणजे त्या घरांत बाहेरून आलेली एक स्त्री. ही कोणाची, ती कोणाची, असें विचारीत गेल्यास तीन पिढ्यांचे सोयरेसंबंध, तेहि ज्यांचा लग्नपत्रिकेशिवाय अन्यत्र उल्लेख नाहीं असे, घटकाभरांत हातीं लागतात. उंबऱ्याच्या आंत आलेल्या स्त्रियांची यादी ठेवणारें याहून दुसरें साधन आमच्या तरी माहितींत नाहीं.

याच सदरांत सवतीचा टाक येतो. पहिली बायको वारल्यावर पुरुषानें दुसरें लग्न केलें, तर नव्या स्त्रीनें मृत सवतीची चांदीसोन्याची लहानशी प्रतिमा गळ्यांत घालावयाची किंवा देवांत ठेवून तिला हळदकुंकू वाहावयाचें, अशी चाल महाराष्ट्रांत अनेक जातींत होती. सवतीचा त्रास होऊं नये ही त्यामागची भीति उघड आहे, आणि तिचें समर्थन करण्याचें आम्हांस कारण नाहीं. पण बाळंतपणांत गेलेल्या असंख्य मुलींची खूण या भीतीनेंच राखिली, हेंहि विसरतां येत नाहीं.

देव्हारा ही घरगुती बाब, तिच्याशीं राज्यसत्तेचा काय संबंध, असें कोणी म्हणेल. त्यास गोव्याचा इतिहास उत्तर देतो. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं देवळें पाडण्यास आरंभ केल्यावर लोकांनीं देव उचलून नदीपलीकडे नेले. कुशस्थळीचा मंगेश १५६० च्या सुमारास प्रियोळास गेला हें सर्वश्रुत आहे. देऊळ असें हलवितां येतें, परंतु ज्यांस गांव सोडणें शक्य नव्हतें त्यांच्या घरांत काय झालें? १५६० मध्यें गोव्यांत इन्क्विझिशनची स्थापना झाली, आणि मध्यंतरींचीं थोडीं वर्षें वगळतां १८१२ पर्यंत तिचा अंमल चालला. तिच्या १७३६ च्या जाहीरनाम्यांत ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या घरगुती चालीरीतींवर एकामागून एक बंदी घातलेली आहे, व तींत घरच्या आवारांत तुळस ठेवूं नये असेंहि फर्मान आहे. (कै. अ. का. प्रियोळकर यांनीं १९६१ सालीं प्रसिद्ध केलेल्या इन्क्विझिशनवरील इंग्रजी ग्रंथांत जिज्ञासूंनीं हा विषय पाहावा.) न्यायासनास एका झुडुपाची भीति वाटावी हें विलक्षण खरें, पण धर्म बदलून पावणेदोनशें वर्षें लोटल्यावरहि ती बंदी घालावी लागली यावरून घरांतील पूजास्थानाचें मूळ किती खोल जातें तें दिसतें. पुढें गोव्याच्या ख्रिस्ती घरांतून अंगणांत क्रूस आला, तोहि पुष्कळदां वृंदावनासारख्या चौथऱ्यावर. आणि आंत संतांच्या मूर्तींसाठीं कोरीव लांकडाची कपाटवजा वेदी आली, जिच्यापुढें सायंकाळीं सारें कुटुंब जमून तेर्स म्हणतें. देव बदलला, पण दिवेलागणीस घरांतल्या एका ठराविक जागेपुढें एकत्र बसण्याची रीत राहिली. या वेद्या देखील त्या घराण्यांचीं दप्तरें आहेत व त्यांचीहि पाहणी गोमंतकीय संशोधकांनीं केली पाहिजे.

घरच्या देवांचा मालक कोण, हा प्रश्न वाटणीच्या वेळीं हटकून उठतो. जमिनीचे व भांड्यांचे वांटे पडतात, देवांचे कसे पाडावे? सामान्य रिवाज असा कीं देव वडील घरीं राहावे व धाकट्यांनीं कुळधर्मास तेथें यावें, किंवा पूजेच्या पाळ्या लावाव्या. कोठें धाकटी पाती नवे टाक करवून घेऊन वेगळी होते, आणि मग त्या नव्या टाकांच्या वयावरून वाटणीचा काळ अजमावितां येतो. असा तंटा कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यांत झाला तो थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. आपल्या पाळींत कुलदेवतेची मूर्ति स्वतःच्या घरीं नेण्याचा अधिकार सेवेकऱ्यास आहे कीं नाहीं, हा वादाचा मुद्दा होता. १९२५ च्या निकालांत न्यायाधीशांनीं ठरविलें कीं कुलदेवतेची मूर्ति ही नुसती जंगम मालमत्ता नव्हे. कोठें राहावें याविषयीं तिच्या इच्छेसहि मान दिला पाहिजे, व ती इच्छा मांडण्यासाठीं तिच्या वतीनें तिऱ्हाईत प्रतिनिधि नेमावा. लंडनांत बसलेल्या न्यायाधीशांनीं बंगालच्या कुलदेवतेची इच्छा विचारावी, हा प्रसंग आम्हांस हास्यास्पद वाटत नाहीं. घरोघरच्या वडीलधाऱ्या स्त्रिया कौल लावून हेंच विचारीत आल्या आहेत.

क्वचित् देव्हारा घराबाहेर पडून देऊळ होतो. देहूच्या विठ्ठलाची पूजा तुकोबांचे पूर्वज विश्वंभर यांच्या घरापासून चालत आली असें परंपरा सांगते. पैठणास एकनाथांचा राहता वाडाच आज नाथांचें देऊळ आहे. आणि चिंचवडास मोरया गोसावी यांस कऱ्हेंत सांपडलेली म्हणून पूज्य असलेली मंगलमूर्ति देवांच्या वाड्यांत राहते व भाद्रपद व माघ महिन्यांत पालखींतून मोरगांवास जाते. घरचा देव व गांवचा देव यांमधली भिंत वाटते तितकी जाड नाहीं.

गेल्या दीडशें वर्षांत देव्हाऱ्यावर जे आघात झाले ते मात्र निराळ्या जातीचे. १८७८ सालीं पुण्यांत चित्रशाळा निघाली, १८९४ सालीं रविवर्म्याचा छापखाना मुंबईस निघून पुढें मळवलीस गेला, आणि रंगीत तसबिरींतील लक्ष्मी-सरस्वती थोड्या पैशांत भिंतीवर आल्या. ज्यांस देवळाच्या आंत पाऊल टाकूं देत नव्हते त्यांच्याहि घरीं त्या आल्या, हा त्यांचा उपकार मोठा आहे. परंतु तसबीर सर्व घरांत एकच. ती कोणत्याहि घराण्याची साक्ष देत नाहीं. दुसरी घटना १९५६ ची. १४ ऑक्टोबर रोजीं नागपुरास डॉ. आंबेडकरांनीं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व दिली, बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या गेल्या, आणि त्यानंतर गांवोगांव घरांतील देव बाहेर काढून नदींत व विहिरींत टाकण्यांत आले. त्यांच्या जागीं बुद्धाची व बाबासाहेबांची प्रतिमा बसली. हा नाश नव्हे. एका समाजानें समजून उमजून आपलें दप्तर बदललें, आणि तो प्रसंग त्या समाजाच्या अनेक आत्मकथनांतून नोंदलाहि गेला. सदनिकेंत जागा नाहीं म्हणून न विचारतां, न नोंदतां जे टाक मोडींत जातात त्यांची गोष्ट वेगळी, आणि आमची तक्रार त्यांच्यापुरती आहे.

यावर उपाय म्हणून कोणी देव गोळा करून संग्रहालयांत ठेवावे असें सुचविल्यास आम्ही त्यास अनुकूल नाहीं. कांचेच्या कपाटांत टाक सुरक्षित राहतो, पण तो कोणाच्या शेजारीं बसत होता, त्याला कोणत्या तिथीस काय नैवेद्य होता, आणि घरची मंडळी त्यास कोणत्या नांवानें हांक मारीत, हें सर्व मागें राहतें. देव घरींच असूं द्यावे. नोंद तेवढी करून आणावी. देव्हारा जसा मांडला असेल तसें त्याचें छायाचित्र घ्यावें, मग एकेक टाक कोणत्या धातूचा, केवढा, किती झिजलेला, मागें अक्षरें आहेत कीं काय, तें लिहावें. विचारतांना घरच्या कर्त्या पुरुषास विचारून उठूं नये. तो कुलदैवताचें नांव सांगेल व तेथेंच थांबेल. स्वयंपाकघरांत जी सर्वांत वृद्ध बाई असेल तिच्यापुढें ताम्हण ठेवावें आणि एकेका टाकावर बोट ठेवून हा कोणाचा, एवढेंच विचारावें.

सोनारांशीं बोलणेंहि विसरूं नये. झिजलेला टाक नवा करावयास आणला म्हणजे जुनी चांदी आटवून ती नव्या पत्र्यांत मिसळून द्यावी, असा गिऱ्हाइकाचा आग्रह असतो. दुसऱ्याची चांदी त्यांत नको असते. अशा कारागिरांजवळ जुने ठसे पडून असतात, आणि कोणत्या गांवच्या माणसास कोणता ठसा लागतो तें त्यांस तोंडपाठ असतें.